न्यू ऑर्लिन्समधला शनिवार-रविवार: खाणं, कला आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून आम्ही न्यू ऑर्लिन्सला बऱ्याच वेळा जाऊन आलो. कधी दोघंच, कधी मुलांना घेऊन, एकदा साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन. परत आलो की कुणाचा तरी फोन येतोच: शाकाहारी माणसानं तिथं काय खायचं, मुलं कंटाळतील का, दोन दिवसांत काय काय होईल. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढते. भर खाण्यावर आणि कलेवर आहे. माझ्या मते या गावात त्या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. ज्या गल्ल्यांत रांधलं जातं, त्याच गल्ल्यांत वाजवलं, शिवलं आणि रंगवलं जातं.

दक्षिणेत इतकी शहरं असताना न्यू ऑर्लिन्सच का?

चार्ल्स्टन देखणं आहे, सव्हाना शांत आहे, नॅशव्हिलला गाणं आहे. तिथंही जरूर जा. पण एका वाडग्यात अख्ख्या गावाचा इतिहास मिळतो तो इथंच. १७१८ मध्ये फ्रेंचांनी हे गाव वसवलं, मग जवळपास चाळीस वर्षं ते स्पेनकडे होतं, आणि १८०३ मध्ये अमेरिकेनं लुइझियाना विकत घेतलं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं, हैतीच्या क्रांतीनंतर क्यूबामार्गे आलेले निर्वासित, सिसिलीहून आलेले इटालियन, १९७५ नंतर आलेले व्हिएतनामी: प्रत्येकानं आपलं भांडं आणि आपलं वाद्य सोबत आणलं.

गंबोच बघा. हे इथलं घट्टसर कालवण. नाव आलं ते भेंडीच्या आफ्रिकी नावावरून. लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये भेंडीला आजही 'गोंबो'च म्हणतात. पीठ तेलात भाजून दाटपणा आणायची रीत फ्रेंचांची. ससाफ्रासच्या पानांची 'फिले' नावाची पूड चॉक्टॉ आदिवासींची. रांधणारे हात बहुतेक वेळा काळ्या बायकांचे. आणि हे जिथं शिजत होतं, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर काँगो स्क्वेअर. रविवारी सुट्टी मिळाली की गुलाम माणसं तिथं जमून ढोल वाजवायची, नाचायची, आणलेलं सामान विकायची. तो चौक आजही आहे, लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या आत. मोठमोठ्या ओक झाडांखाली फरसबंदी आहे. पहिल्या सकाळी तिथं दहा मिनिटं तरी उभं राहा. पुढचे दोन दिवस जे ऐकाल, त्याचा ठेका इथून निघाला आहे.

जायचं कसं?

ह्यूस्टनहून आय-टेन धरून साधारण ३५० मैल, साडेपाच-सहा तास. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत निघालात तर दिवेलागणीला पोचता. वाटेत लाफायेट सोडलं की अचाफलायाच्या दलदलीवरून जाणारा सुमारे १८ मैलांचा पूल लागतो. खाली पाणी, पाण्यात उभी सायप्रसची झाडं. मागे बसलेल्या मुलांच्या हातातला फोन तिथं आपोआप खाली ठेवला जातो. पुढे बॅटन रूजला मिसिसिपीच्या पुलावर गाड्या तुंबतात, तो अर्धा-पाऊण तास आधीच धरून चाला.

अटलांटाहून सात तासांच्या आसपास लागतात, डॅलसहून त्याहून जास्त. तिथल्या मंडळींनी सरळ विमान धरावं. ह्यूस्टनहून आठवड्यातून तीनदा ॲमट्रॅकची रेल्वेगाडीही आहे, पण शनिवार-रविवारच्या बेतात तिच्या वेळा बसत नाहीत.

कधी जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. जून ते सप्टेंबर मुंबईच्या मे महिन्यासारखी घामट हवा असते, शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. मार्डी ग्राच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांपूर्वीच्या सणाच्या, दिवसांत (फेब्रुवारी, कधी मार्चची सुरुवात) मिरवणुकी पाहायला जायचं तर खुशाल जा, पण तेव्हा खोल्यांचे भाव फार चढतात आणि निवांत बसून खाणं होत नाही. एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल मला जास्त आवडतो (फ्रेंच क्वार्टर म्हणजे इथलं मूळचं जुनं गाव). गाणं फुकट, आणि बहुतेक कलाकार तिथलेच.

राहावं कुठं?

पहिल्या वेळी पैसे वाचवायला आम्ही विमानतळाजवळ खोली घेतली. जितके वाचले तितके पार्किंगमध्ये गेले, आणि दोन्ही दिवसांची सकाळ रस्त्यात गेली. तेव्हापासून ठरवून मॅरिनी भागात किंवा सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूला लागून राहतो. जुन्या घरांत चालवलेली छोटी गेस्टहाऊस तिथं मिळतात.

एक आग्रहाची विनंती. वस्तीतली अख्खी घरं पर्यटकांना भाड्यानं देण्यामुळे ट्रेमे, मॅरिनी, बायवॉटर या भागांतली भाडी चढली आणि तिथले वाजवणारे, शिवणारे, रांधणारे लोक लांब फेकले गेले. ज्यांच्यासाठी आपण तिथं जातो त्यांचीच घरं आपण का अडवायची? हॉटेल किंवा परवाना असलेलं गेस्टहाऊस बघा.

गाडी लागते का?

पोचल्यावर नाही. उभी करून ठेवा. फ्रेंच क्वार्टर, मॅरिनी आणि ट्रेमे हे तिन्ही भाग पायी होतात. बाकीसाठी ट्राम आहे, तिला इथं 'स्ट्रीटकार' म्हणतात. सेंट चार्ल्सची लाइन १८३५ पासून सुरू आहे. अखंड चालत आलेली जगातली सर्वांत जुनी ट्रामलाइन म्हणून ती ओळखली जाते. हिरवे डबे १९२० च्या दशकातले, लाकडी बाकं, उघड्या खिडक्या. तिकीट सव्वा डॉलर. दिवसभराचा पास तीन डॉलरचा, तोच घ्या. खिडकीतून वर बघत राहा: ओकच्या फांद्यांवर मार्डी ग्राच्या मिरवणुकीत भिरकावलेल्या मण्यांच्या माळा वर्षभर लटकत असतात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही राहणार, पण डोळे झाकून काही मागवू नका. हे मी अनुभवानं सांगते. आईसोबत गेलो होतो तेव्हा एका ठिकाणी पाटीवर 'रेड बीन्स अँड राइस' दिसलं. राजमा-भात म्हणून तिनं हौसेनं मागवलं. दोन घासांनंतर ताटातून डुकराच्या मांसाचा तुकडा निघाला. चूक आमची, आम्ही विचारलं नव्हतं. सोमवार हा तिथं पूर्वी कपडे धुण्याचा वार. रविवारच्या हॅमचं हाड राजम्यात टाकून भांडं चुलीवर ठेवायचं आणि बाई कपड्यांना लागायची, अशी त्या पदार्थाची जन्मकथा आहे. म्हणजे मांस त्यात मुळातच आहे. तसंच पालेभाज्यांचं, घेवड्याचं, मक्याच्या पावातल्या भरणाचंही. 'मीट नाही ना?' एवढं विचारून भागत नाही. 'स्टॉक कशाचा आहे, त्यात सॉसेज, हॅम, कोळंबी आहे का?' असं एकेक नाव घेऊन विचारायचं. लोक मनापासून सांगतात, कुणाला राग येत नाही.

आता काय खायचं ते. फ्रेंच मार्केटमध्ये 'मील्स फ्रॉम द हार्ट' नावाचा छोटा काउंटर आहे, तिथं भेंडीचा व्हीगन गंबो मिळतो. भेंडीची बुळबुळ नको असणाऱ्यांनीही तो खाऊन बघावा. ती बुळबुळच रस्सा दाट करते. 'किलर पोबॉइज'मध्ये भाजलेलं रताळं, चवळी-पिकानची (पिकान म्हणजे अक्रोडासारखा सुका मेवा) चटणी आणि पालेभाजी घातलेला पो-बॉय, म्हणजे लांब पावाचं सँडविच, मिळतो, तो आमच्या घरात सगळ्यांचा लाडका. न्यू ऑर्लिन्स ईस्टला 'डोंग फुओंग' ही व्हिएतनामी बेकरी आहे, तिथला टोफूचा 'बान्ह मी' (व्हिएतनामी भरला पाव) स्वस्त आणि पोटभरीचा. (त्या भागापुरती गाडी काढावी लागेल.) आणि तिसऱ्या जेवणाला आई-बाबांचा जीव भातासाठी कासावीस झाला तर मॅगझीन स्ट्रीटवर 'सॅफ्रन नोला' आहे. भारतीय कुटुंबाचं, लुइझियानाच्या जिनसा आपल्या मसाल्यांत रांधणारं.

एक सूचना: मांसाचे पदार्थ आणि बटाट्याचे काप बहुतेक ठिकाणी एकाच तेलात तळतात. ज्यांना चालत नाही त्यांनी तेही विचारावं.

आणि मांसाहारी असेल तर कुठून सुरुवात करायची?

गंबोपासून. आणि जमलं तर डूकी चेजमध्ये. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

ट्रेमे भागात ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवरचं हे हॉटेल १९४१ मध्ये साधं सँडविच आणि पेयांचं दुकान म्हणून सुरू झालं. त्या घरात सून म्हणून आलेल्या लिया चेज यांनी त्याचं पांढऱ्या चादरींचं, नीट मांडलेल्या टेबलांचं भोजनगृह केलं. काळ्या माणसांना शहरातल्या मोठ्या हॉटेलांत पाऊल टाकता येत नव्हतं त्या काळात. काळ्यांनी आणि गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्यानं गुन्हा असताना नागरी हक्क चळवळीची मंडळी यांच्या माडीवर जमायची आणि खालून गंबो वर जायचा. त्याच बाईंनी काळ्या चित्रकारांची चित्रं विकत घेऊन भिंतींवर लावायला सुरुवात केली, जेव्हा संग्रहालयं त्यांना दारात उभं करत नव्हती. एलिझाबेथ कॅटलेट, जेकब लॉरेन्स, आपल्या ह्यूस्टनमध्ये टेक्सास सदर्न विद्यापीठात कला विभाग उभारणारे जॉन बिगर्स. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या पुराचं पाणी हॉटेलात शिरलं, चित्रं वाचली. लिया चेज २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या, तोवर स्वयंपाकघरात येत होत्या. तिथं जेवताना चित्रं बघायला उठलात तर कुणी काही म्हणत नाही, उलट वाढणारे थांबून माहिती देतात. आठवड्यातून मोजकेच दिवस उघडं असतं, तेव्हा आधी वेळ बघा आणि टेबल राखून ठेवा.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथं हिरवा गंबो होतो, 'गंबो झेर्ब'. अनेक पालेभाज्या एकत्र, आणि भाज्यांची संख्या विषम हवी असा संकेत. जितक्या भाज्या तितके नवे मित्र. मला ऋषिपंचमीची भाजीच आठवली. फरक इतका की यात मांस असतं.

पो-बॉयची गोष्ट तर आपल्या मुंबईच्या कानाची आहे. १९२९ मध्ये ट्राम कामगारांचा संप झाला. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे भाऊ आधी ट्रामवर कामाला होते, पुढे त्यांनी हॉटेल काढलं होतं. संपावरचा माणूस आला की 'आला बिचारा पोरगा' म्हणत ते त्याला लांब पावात भरून फुकट खायला द्यायचे. 'पुअर बॉय'चं झालं पो-बॉय. स्वस्तातल्या पावात तळलेला बटाटा आणि मांसाचा रस्साही भरला जायचा. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या कित्येक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा पाव ओळखीचा वाटेल. तळलेली कोळंबी किंवा कालवं घातलेला मागवा. 'ड्रेस्ड?' असं विचारतील. म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणचं, मेयोनीज हवं का. हो म्हणा. पाव बाहेरून खापरीसारखा कडक आणि आतून पोकळ हलका असला पाहिजे. टेबलावर पावाच्या पापुद्र्याचा चुरा सांडला नाही तर पाव शिळा समजा.

वसंतात गेलात तर उकडलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंड. वर्तमानपत्रावर ढीग ओततात, हातानं सोलून खायचं. कोकणातल्या माणसाला शिकवावं लागणार नाही.

गंबो शिकता येतो का?

येतो. फ्रेंच क्वार्टरमध्ये स्वयंपाकाचे दोन-अडीच तासांचे वर्ग असतात, रविवारी सकाळचा घ्या. मी एकदा गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी जाड बुडाच्या भांड्यात तेल आणि मैदा समसमान घेतला आणि लाकडी सपाट चमच्यानं ढवळायला लागल्या. बोलत होत्या, हसत होत्या, हात मात्र थांबत नव्हता. आधी पांढरा, मग शेंगदाण्याच्या रंगाचा, मग वीट, मग काळपट चॉकलेटी. वास भाजणीचा येतो तसाच, खमंग. काळे ठिपके दिसले तर सगळं ओतून टाकायचं आणि पहिल्यापासून. रंग नेमका आला की त्यात चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकदम घालतात. या तिघांना तिथं 'पवित्र त्रिमूर्ती' म्हणतात. कांदा पडताच चर्र आवाज होऊन भाजणं थांबतं. तेवढा क्षण पाहायलाच तो वर्ग करावा.

गोडात काय?

कॅफे दु माँदचे बेन्ये. १८६२ पासूनचं ठिकाण. चौकोनी तळलेला फुगा, एका बशीत तीन, वर पिठीसाखरेचा डोंगर. काळे कपडे घालू नका आणि घास घेताना श्वास आत ओढू नका, ठसका लागतो. सोबत चिकोरीची दूधकॉफी. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, म्हणून चिकोरी मिसळायला लागले आणि ती चव कायमची लागली. मद्रासी फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना पहिल्याच घोटात घरचं वाटेल. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर रांग कमी असते.

प्रालीन म्हणजे साखर, साय आणि पिकान यांची वडी. चिक्कीसारखी कडक नव्हे, खव्याच्या वडीसारखी भुसभुशीत. काळ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रस्तोरस्ती विकायच्या, कैक जणींनी त्यावर संसार उभे केले. काही दुकानांत समोर करताना दिसतात. गरम असतानाची चव वेगळीच. एखादीनं वर एक तुकडा हातावर ठेवला तर त्याला 'लॅन्यॅप' म्हणतात. भाजीवाली वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते ना, तेच.

आणि उन्हाळा असेल तर चापिटूलस स्ट्रीटवरचं हॅन्सन्स. १९३९ पासून. नवऱ्यानं बर्फ किसायचं यंत्र बनवलं, बायकोनं सरबतं बनवली; आज नातीकडे दुकान आहे. आपला गोळा दाणेदार, काडीवरचा. यांचा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, पेल्यातला. मुलांनी एकामागे एक दोन खाल्ले.

चित्रं-शिल्पं बघायला कुठं जावं?

दोन दिवसांत चार ठिकाणं पुरेत.

जॅक्सन स्क्वेअरच्या लोखंडी कुंपणावर चित्रकार आपापली चित्रं टांगून बसतात. त्यांना पालिकेचा परवाना असतो, चित्र स्वतःचं असावं लागतं. बोला त्यांच्याशी. छोटं का होईना, विकत घ्या.

ऑग्डन म्युझियम ऑफ सदर्न आर्ट हे दक्षिणेतल्या कलेला वाहिलेलं संग्रहालय. घरी बसून, कुणी न शिकवता चित्रं काढणाऱ्या लोकांचं काम तिथं मानानं लावलेलं आहे, ते चुकवू नका. ज्यूलिया स्ट्रीटवरच्या गॅलऱ्या तिथून जवळ. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्या उशिरापर्यंत उघड्या असतात.

सिटी पार्कमधली बेस्टहॉफ शिल्पबाग फुकट आहे. ओक आणि पाण्याच्या मधून वाट जाते, शिल्पं झाडांआडून अचानक समोर येतात. शिल्पकार लुईझ बुर्ज्वाचा आठ पायांचा मोठा कोळी मुलांना दाखवा. एका ओकच्या फांद्यांवर काचेच्या प्रचंड माळा टांगल्या आहेत. सेंट चार्ल्सवर ट्राममधून पाहिलेल्या त्या प्लास्टिकच्या माळांशी मनात जोड लागते.

चौथं बायवॉटरमधलं स्टुडिओ बी. ब्रँडन ओडम्स हा न्यू ऑर्लिन्सचाच चित्रकार, 'बीमाइक' म्हणून ओळखतात. २०१४ मध्ये त्यानं अल्जीअर्स भागातल्या ओसाड पडलेल्या गृहसंकुलात अनेक कलाकारांना घेऊन भिंती रंगवल्या, आणि २०१६ मध्ये बायवॉटरच्या एका गोदामात हे कायमचं ठिकाण उघडलं. चळवळीतल्या माणसांचे दोन-दोन मजली चेहरे. आमची थोरली तिथं दीड तास होती, आणि बाहेर आल्यावर गाडीत बराच वेळ गप्प होती. माझ्या मते एकच ठिकाण निवडायचं झालं तर हे निवडा. उघडण्याचे दिवस बघून जा. बाहेर पडलात की नदीकाठचा क्रेसेंट पार्क चालत जाण्यासारखा आहे.

गाणं ऐकायचंय, पण मुलं सोबत आहेत.

प्रिझर्व्हेशन हॉल. १९६१ पासून. एक जुनी खोली, रंग उडालेल्या भिंती, लाकडी बाकं, पुढच्यांना जमिनीवर उशा. दारू नाही, फोटो नाही, सगळ्या वयांना प्रवेश. पाऊण तासाचा कार्यक्रम. ट्राँबोन तुमच्या गुडघ्यापासून तीन फुटांवर असतो. तिकीट आधी काढा.

मोठ्यांनी रात्री फ्रेंचमन स्ट्रीटवर जावं. तिथल्या बहुतेक जागा २१ वर्षांवरच्यांसाठी आहेत. बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट, पण बादली फिरते. माणशी पाच-दहा डॉलर घातलेच पाहिजेत; त्या बादलीवरच वाजवणाऱ्याचं घर चालतं. सोबत एक पेय घ्यावं, ते नुसता सोडा असला तरी चालतो. त्याच रस्त्यावर रात्रीचा कला-बाजारही भरतो. दागिने, छापील चित्रं, करणारा माणूस समोर.

'सेकंड लाइन' म्हणजे नेमकं काय?

रविवार दुपारची मिरवणूक. ट्रेमे आणि आसपासच्या वस्त्यांत 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' आहेत. विमा आणि बँका काळ्यांना दारात घेत नव्हत्या तेव्हा वर्गणी काढून एकमेकांचं आजारपण आणि अंत्यविधी पार पाडणारी ही मंडळं. वर्षातून एकदा प्रत्येक मंडळाची मिरवणूक निघते. मंडळ आणि बँड ही पहिली ओळ. मागून नाचत येणारा गाव ही दुसरी. हंगाम उन्हाळ्याच्या शेवटापासून पुढच्या जूनपर्यंत, भर उन्हाळा सोडून जवळजवळ दर रविवारी. मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड, ९०.७ एफएम हे रेडिओ स्टेशन जाहीर करतं.

ढोल-ताशा पथकाजवळ उभं राहिल्यावर छातीत जो दणका बसतो, तो इथं टुबा या मोठ्या पितळी वाद्याचा बसतो. आईला पाय दुखत असूनही दोन चौक चालवलं त्यानं. तिथं पाळायचं एवढंच: बँड आणि नाचणारे यांच्या मध्ये घुसू नका, पाणी आणि खाणं रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून घ्या, कुणाच्या तोंडासमोर फोन धरू नका.

ते पिसांचे पोशाख कुठं बघायला मिळतात?

मार्डी ग्रा इंडियन्स, किंवा त्यांतले बरेच जण आता म्हणतात तसं ब्लॅक मास्किंग इंडियन्स. पळून गेलेल्या गुलामांना आदिवासींनी आसरा दिला, त्याची आठवण म्हणून काळी माणसं हे पोशाख घालतात अशी परंपरेतली समजूत आहे. पोशाख दरवर्षी नवा, स्वतःच्या हातानं शिवलेला. ट्रेमेमधल्या बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियममध्ये जवळून बघता येतात. छातीवरच्या पट्टीकडे वाकून बघा: मोहरीएवढे मणी, प्रत्येक टाक्याला दोन-तीन, आणि त्यातून घोडा, नदी, माणसाच्या गालावरची सावली उमटवलेली. दिवसभर नोकरी करून रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम चालतं, वर्षभर. टूटी मोंटाना या प्रसिद्ध 'बिग चीफ'चा (अशा टोळीच्या म्होरक्याचा) व्यवसाय भिंतींना गिलाव्याआधी पट्ट्या ठोकण्याचा होता. एके काळी या टोळ्या रस्त्यात भिडायच्या, मारामाऱ्या व्हायच्या. त्या स्पर्धेला सुई-दोऱ्याकडे वळवण्याचं श्रेय त्यांना देतात. १९ मार्चच्या आसपासच्या रविवारी हे सगळे रस्त्यावर उतरतात. पिसांना हात लावू नका.

बोर्बन स्ट्रीट?

दिवसा एकदा चालून या. रात्री मुलांना नेऊ नका. वेळ दुसरीकडे चांगला जातो.

सुरक्षित आहे का?

कोणत्याही मोठ्या शहरात घ्याल ती काळजी घ्या. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, काच फोडतात. रात्री दहानंतर निर्जन गल्लीतून चालण्यापेक्षा टॅक्सी करा.

कॅटरिनाची पडझड दाखवणाऱ्या बस असतात, त्या घ्याव्यात का?

मी घेत नाही. २९ ऑगस्ट २००५ ला बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. तिथून निघालेली माणसं मोठ्या संख्येनं ह्यूस्टनला आली. काही आजही आपल्या शेजारी आहेत. बसच्या काचेतून लोकांच्या घरांकडे बोट दाखवणं मला पटत नाही. त्याऐवजी परत येऊन पुन्हा चूल पेटवणाऱ्यांकडे जेवा. विचारलंत तर ते स्वतः सांगतात, आणि पाणी कुठवर आलं होतं ती भिंतीवरची खूण दाखवतात.

भारताशी या गावाचा काही संबंध?

आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमधल्या हुगळी भागातले मुसलमान फेरीवाले चिकनकाम केलेलं कापड घेऊन इथं यायचे. काही ट्रेमेमध्येच राहिले, तिथल्या काळ्या क्रिओल (आफ्रिकी-फ्रेंच मिश्र वारशाच्या) बायकांशी लग्न करून संसार थाटले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज याच शहरात मिसळून गेली आहेत. ट्रेमेच्या गल्ल्यांतून चालताना, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या असलेली ती अरुंद 'शॉटगन' घरं बघताना मला त्यांची आठवण येते.

परत येताना काय आणावं?

चिकोरी कॉफीचा पिवळा डबा, प्रालीन, आणि कमेलिया कंपनीचा लाल राजमा. राजमा आपल्याकडेही मिळतो, पण हा शिजल्यावर जास्त मऊ, सायीसारखा होतो. आई तेव्हा उपाशी उठली होती, म्हणून घरी येऊन मी तिच्यासाठी बिनमांसाचा करून बघितला. रविवारी रात्री राजमा भिजत घालायचा. सोमवारी कांदा, सेलरी, ढोबळी मिरची बारीक चिरून तेलात मऊ परतायची, त्यात लसूण, तमालपत्र, थाइम आणि धुराचा वास यावा म्हणून चमचाभर स्मोक्ड पाप्रिका. मग राजमा आणि पाणी घालून दहा मिनिटं खळखळून उकळी, आणि नंतर मंद आचेवर दोन तास. कुकर नको. शेवटी डावभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून मोडायचे, रस्सा दाटतो. मोकळा भात, वर कांद्याची पात. आई पहिल्या घासाला म्हणाली, 'मीठ थोडं घाल', आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.